वाचकांचे प्रश्न : गुन्हे शाखा, सायबर ठाणे, श्वान पथक – तक्रार नेमकी कोणाकडे करायची?

पोलीस दलातील विशेष पथकांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत एकच गोंधळ दिसला. गुन्हे शाखा, सायबर, निर्भया, बॉम्ब शोधक ही नावे वर्तमानपत्रांमुळे सगळ्यांच्या परिचयाची झाली आहेत, पण प्रसंग स्वतःवर आला की पहिल्यांदा कोठे जायचे हे उमगत नाही आणि त्यात मोलाचा वेळ जातो. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. नाशिक शहर पोलीस आयुक्तालय आणि नाशिक ग्रामीण पोलीस ही दोन स्वतंत्र दले आहेत. पंचवटी, भद्रकाली, सातपूर, अंबड, नाशिकरोड, देवळाली कॅम्प हा भाग आयुक्तांच्या अखत्यारीत येतो, तर निफाड, सिन्नर, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी आणि मालेगावसह उरलेला जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या. दोघांची विशेष पथकेही निरनिराळी आहेत. शहरात जे काम गुन्हे शाखा करते, ते ग्रामीणमध्ये स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एलसीबी, करते.

प्रश्न : आमच्याकडे घरफोडी झाली. पोलीस ठाण्यात फिर्याद दिली आहे. नातेवाईकांचे म्हणणे असे की ठाण्यात काही होणार नाही, थेट गुन्हे शाखेत जा. तपास गुन्हे शाखेकडे वर्ग करून घेता येतो का? (एक वाचक, नाशिक शहर)

उत्तर : आपण ठाण्यात फिर्याद दिलीत हेच योग्य केले. गुन्हे शाखेची युनिट ही पोलीस ठाणी नव्हेत. तेथे गुन्हा दाखल होत नाही. गुन्हा नोंदवण्याचा अधिकार आणि जबाबदारी पोलीस ठाण्याचीच आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची असते. यालाच आपण शून्य क्रमांकाचा गुन्हा म्हणतो. फिर्यादीची प्रत आपल्याला विनामूल्य मिळते. ती घेतली नसेल तर आजच घ्या, कारण पुढे आपण ज्या कोणाशी बोलाल तो पहिल्यांदा गुन्हा रजिस्टर क्रमांकच विचारील.

गुन्हे शाखा करते तो समांतर तपास. ठाण्याचे स्वतःचे गुन्हे शोध पथक, म्हणजे डीबी, आपल्या हद्दीतले रेकॉर्डवरील गुन्हेगार तपासत असते. त्याच वेळी गुन्हे शाखेचे कर्मचारी संपूर्ण शहरातील अशाच पद्धतीचे गुन्हे एकमेकांशेजारी ठेवून पाहतात. कडीकोयंडा कसा तोडला, दिवसा की रात्री, फक्त सोने नेले की टीव्हीसुद्धा, दुचाकी कोणत्या दिशेने गेली, अशा बारकाव्यांवरून टोळी ओळखू येते. सातपूरच्या घरफोडीतला आणि उपनगर ठाण्याच्या हद्दीतल्या घरफोडीतला माणूस एकच आहे, हे एका ठाण्यात बसून सहसा दिसत नाही, आणि गुन्हे शाखेचा खरा उपयोग तेथेच आहे. आरोपी त्यांच्या हाती लागला तरी तो आणि जप्त मुद्देमाल पुढील तपासासाठी बहुधा मूळ ठाण्याच्याच ताब्यात दिला जातो. त्यामुळे ठाण्याला वगळून आपले काम होत नाही.

तपास वर्ग करण्याचा आदेश वरिष्ठ अधिकारी देऊ शकतात आणि त्यासाठी आयुक्तांकडे लेखी अर्ज करता येतो. मात्र साध्या घरफोडीत अर्जामागे धावण्यापेक्षा चोरीस गेलेल्या दागिन्यांच्या सराफी पावत्या, दागिने घातलेली छायाचित्रे आणि आसपासच्या सीसीटीव्हीचे चित्रण तपास अधिकाऱ्याला लवकर मिळेल असे पाहिलेत तर त्याचा लाभ अधिक. अनेक घरगुती कॅमेऱ्यांतले चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. माझे मत विचाराल, तर विशेष पथकांची संख्या वाढवताना ठाण्यांतली चांगली माणसे तिकडे ओढली जातात आणि मूळ ठाणे दुबळे होते, ही काळजीची बाब आहे. समांतर तपासाला अर्थ तेव्हाच उरतो, जेव्हा मूळ तपास भक्कम असतो.

प्रश्न : चोरी झाल्यावर श्वान पथक आले, कुत्रा रस्त्यापर्यंत गेला आणि थांबला. ठसे घेणाऱ्यांनी घरातल्या सगळ्यांच्याही बोटांचे ठसे घेतले. आम्ही संशयित आहोत का? (एक वाचिका, सिडको)

उत्तर : अजिबात नाही. आपल्या कपाटावर आपल्या घरातल्यांचे ठसे असणारच. ते बाजूला काढल्याशिवाय परक्याचा ठसा कोणता हे कळत नाही, म्हणून घरच्यांचे ठसे घेतात. गुळगुळीत पृष्ठभागावर मऊ ब्रशने भुकटी फिरवली जाते, उमटलेला ठसा पारदर्शक पट्टीवर उचलला जातो आणि नोंदीतल्या गुन्हेगारांच्या ठशांशी संगणकावर पडताळला जातो. लोखंडी कपाट, काच, चकचकीत टाइल यांवर ठसा चांगला मिळतो. खडबडीत भिंतीवर किंवा कापडावर तो सहसा मिळत नाही.

कुत्रा रस्त्यावर थांबला म्हणजे तो अपयशी ठरला, असेही समजू नका. चोराने हाताळलेल्या वस्तूचा वास श्वानाला दिला जातो आणि तो त्या वासामागे जातो. वास जेथे तुटतो तेथे चोर वाहनावर बसला असण्याची शक्यता मोठी, आणि मग त्या जागेपासूनचे कॅमेरे तपासायचे हे ठरते. हे काम ज्यामुळे बिघडते ती गोष्ट मात्र आपल्या हातात असते. चोरी समजल्यावर शेजारीपाजारी गोळा होतात, प्रत्येक जण कपाट उघडून पाहतो, कोणी तरी केर काढून फरशी पुसून घेतो, आणि पथक येण्यापूर्वीच वास आणि ठसे दोन्ही हरवतात. अशा वेळी घराबाहेर थांबावे, ११२ वर कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत आत कोणालाही जाऊ देऊ नये.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षिका आहे. आपण मुंबईचे पोलीस अधिकारी असल्याचे सांगून काही जणांनी व्हिडिओ कॉलवर माझी ‘डिजिटल अरेस्ट’ केली आणि ठेव मोडून पैसे पाठवायला लावले. लाजेपोटी दोन दिवस मी कोणाला सांगितले नाही. आता जवळच्या ठाण्यात जायचे की सायबर पोलीस ठाण्यात? (एक वाचिका, इंदिरानगर)

उत्तर : ताई, सर्वप्रथम लाज मनातून काढून टाका. या टोळ्या खोटा गणवेश, खोटे ओळखपत्र, पाठीमागे पोलीस ठाण्यासारखा देखावा आणि तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवण्याची युक्ती वापरतात, आणि भलेभले सुशिक्षित लोक त्यात अडकले आहेत. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. कोणताही पोलीस अधिकारी, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि ‘पडताळणीसाठी’ पैसे मागत नाही.

आपण हा मजकूर छापून येण्याची वाट पाहू नये म्हणून आपल्याला दूरध्वनीवरही कळवले आहे. इतर वाचकांसाठी येथे सविस्तर लिहितो, कारण पोलिसांच्या सर्व विशेष शाखांमध्ये मिनिटांना सर्वाधिक किंमत आहे ती येथे. पहिला दूरध्वनी १९३० या क्रमांकावर करायचा. तेथे आपले बँक खाते, रक्कम, व्यवहाराची तारीख व वेळ आणि व्यवहार क्रमांक विचारला जातो. यूपीआय व्यवहारात हा क्रमांक १२ अंकी असतो आणि तो ॲपमधील व्यवहाराच्या तपशिलात किंवा बँकेच्या संदेशात सापडतो. नोंद झाली की ती पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे पोहोचते आणि त्या खात्यात रक्कम शिल्लक असेल तर ती गोठवली जाते. अडचण अशी की ठगांचे पैसे एका खात्यात थांबत नाहीत. कमिशनच्या लोभाने स्वतःचे खाते वापरायला देणाऱ्या लोकांच्या खात्यांतून ते पुढे पुढे तुकड्यांनी पाठवले जातात आणि शेवटी एटीएममधून काढले जातात किंवा आभासी चलनात बदलले जातात. पहिल्या तासात कळवले तर रक्कम पहिल्या किंवा दुसऱ्या खात्यातच अडकण्याची आशा असते. दोन दिवसांनी ती कमी होते, पण संपत नाही. म्हणून उशीर झाला तरी १९३० वर नोंद करावीच.

त्यानंतर प्रश्न ठाण्याचा. सायबर पोलीस ठाणे हे गुन्हा दाखल करू शकणारे स्वतंत्र ठाणे आहे, त्यामुळे आपण तेथे जाऊ शकता. परंतु ‘हे सायबरचे आहे, आमच्याकडे होत नाही’ असे आपल्या भागातील ठाण्याला म्हणता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार या कायद्याखालील गुन्ह्यांचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, आणि पोलीस निरीक्षक शहरातील प्रत्येक ठाण्यात असतात. सोबत खाते उतारा, संदेशांचे आणि कॉलच्या नोंदीचे स्क्रीनशॉट, व्हिडिओ कॉल आलेला क्रमांक एवढे न्यावे. घाबरून मोबाईलमधील संभाषण पुसून टाकू नये.

रक्कम गोठवली गेल्याचे समजले म्हणजे ती आपोआप परत आली, असे नसते. ती मिळवण्यासाठी साधारणपणे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागतो, पोलिसांचे म्हणणे मागवले जाते आणि मग बँकेला आदेश होतो. हा टप्पा अनेकांना कोणी सांगतच नाही, आणि गोठलेले पैसे महिनोन्‌महिने तसेच पडून राहतात. तपास अधिकाऱ्याला किती रक्कम, कोणत्या बँकेत गोठली आहे, हे लेखी विचारा आणि अर्जाला लागा.

प्रश्न : रात्री साध्या कपड्यांतील चौघे जण आले, ‘आम्ही क्राइमचे’ म्हणाले आणि माझ्या भावाला घेऊन गेले. कोठे नेले हे सकाळपर्यंत कळले नाही. विशेष पथकांना वेगळे नियम असतात का? (एक वाचक, नाशिक शहर)

उत्तर : नाही. पथक कोणतेही असो, गणवेश असो वा नसो, अटकेचे नियम एकच आहेत. ते डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले आणि आता ते नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. कलम ३६ प्रमाणे अटक करणाऱ्याने स्वतःचे नाव स्पष्ट दिसेल अशी ओळख बाळगली पाहिजे आणि अटकेचा पंचनामा जागेवर करून त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित नागरिकाची सही घेतली पाहिजे. कलम ४७ नुसार अटकेचे कारण त्या व्यक्तीला, आणि कलम ४८ नुसार अटक व ठिकाण नातेवाइकाला कळवले पाहिजे. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे. केवळ चौकशीला बोलवायचे असेल तर लेखी नोटीस द्यावी लागते, आणि महिला, १५ वर्षांखालील मुले व ६० वर्षांवरील पुरुष यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या राहत्या ठिकाणी जाऊनच विचारावे लागते.

असा प्रसंग आल्यास शांतपणे नाव, हुद्दा आणि पथक विचारावे, ओळखपत्र पाहावे, वाहनाचा क्रमांक टिपून घ्यावा आणि लगेच ११२ वर फोन करून हे खरोखर पोलीस आहेत का, याची खातरजमा करावी. खऱ्या अधिकाऱ्याला याचा राग येण्याचे कारण नाही. अटक केलेल्यांची माहिती प्रत्येक ठाण्यात व नियंत्रण कक्षात ठेवण्यासाठी सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याकडे चौकशी करता येते.

खातरजमेचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण म्हणजे तोतया पोलीस. सकाळी देवदर्शनाला निघालेल्या वृद्धांना गाठून ‘आजी, पुढे चोरी झाली आहे, आम्ही साहेबांचे लोक आहोत, दागिने काढून रुमालात बांधा’ असे सांगायचे आणि रुमालाची अदलाबदल करायची, ही त्यांची जुनी रीत आहे. कोणतेही पथक भररस्त्यात दागिने काढायला सांगत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना तोतयांचे हे वाक्य एकदा म्हणून दाखवा, म्हणजे प्रसंगी ते त्यांना ओळखू येईल.

प्रश्न : द्राक्षे घेऊन व्यापारी पसार झाला, धनादेश वटला नाही. आर्थिक गुन्हे शाखा नाशिकला आहे असे ऐकले. तेथे जाऊ का? (एक बागायतदार, निफाड तालुका)

उत्तर : निफाड तालुका ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतो, त्यामुळे शहर आयुक्तालयाची आर्थिक गुन्हे शाखा आपला अर्ज घेणार नाही. ग्रामीण दलाची स्वतंत्र शाखा अधीक्षक कार्यालयात आहे. या शाखांकडे साधारणपणे मोठ्या रकमेची किंवा अनेक जणांची फसवणूक असलेली प्रकरणे दिली जातात, बाकीची ठाण्यातच राहतात. एकाच व्यापाऱ्याने गावातल्या अनेकांना बुडवले असेल तर सर्वांनी मिळून अर्ज करावा. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी द्राक्ष उत्पादकांच्या अशा तक्रारी मोहीम म्हणून हाती घेतल्या, तेव्हा गुन्हा दाखल होण्याच्या धास्तीनेच अनेक व्यापाऱ्यांनी थकलेले पैसे चुकते केले होते.

दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका. पैसे थकले एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही, सुरुवातीपासून बुडवण्याचा इरादा होता हे दिसावे लागते. खोटे नाव, खोटा पत्ता, आधीच बंद केलेल्या खात्याचा धनादेश, इतर गावांत केलेला हाच प्रकार, हे त्याचे पुरावे. म्हणून सौदापावती, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, गाडीचा क्रमांक आणि चालकाचा मोबाईल क्रमांक जपून ठेवा. न वटलेल्या धनादेशाची वाट पूर्णपणे वेगळी असून तिची मुदत कडक आहे: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे देण्यासाठी १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. पोलिसांच्या चौकशीची वाट पाहत बसल्याने ही मुदत हातची गेलेले शेतकरी मी न्यायालयात पाहिले आहेत. आपण दोन्ही वाटा एकाच वेळी धरा.

प्रश्न : माझा मुलगा महाविद्यालयात शिकतो. तो एमडी घेतो असा मला संशय आहे. अमली पदार्थ विरोधी पथकाला विक्रेत्याची माहिती द्यावी असे वाटते, पण मुलगाच अडकेल अशी भीती वाटते. (एक पालक)

उत्तर : आपली भीती मी समजू शकतो, आणि कायद्यानेही ती विचारात घेतली आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती शासनाच्या किंवा शासनमान्य रुग्णालयात स्वतःहून उपचार घेत असेल तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. मेफेड्रोनच्या, म्हणजे एमडीच्या बाबतीत अल्प प्रमाणाची मर्यादा २ ग्रॅम आहे आणि ५० ग्रॅमपासून पुढे ते व्यापारी प्रमाण ठरते, ज्यात किमान १० वर्षांची शिक्षा आहे. मित्रांसाठी ‘आणून देणारा’ मुलगा नकळत सेवनकर्त्याचा विक्रेता होतो, हे त्याला समजावून सांगा. प्रथम जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याला घेऊन जा आणि उपचारांची कागदपत्रे जपून ठेवा.

माहिती देणाऱ्याचे नाव सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही, असे याच कायद्याचे कलम ६८ सांगते. १९३३ या राष्ट्रीय क्रमांकावरही माहिती देता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या जवळच्या शिंदे गावातील एमडीचा कारखाना मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी उघडकीस आणला, तो तिकडे पकडलेल्या आरोपींच्या साखळीचा माग काढत. नाशिककरांच्या शेजारी चाललेले हे विष मुंबईहून येऊन शोधावे लागले, याची खंत मला आजही वाटते. लहान विक्रेत्याबद्दलची माहिती पथकाला याच कारणाने हवी असते. साखळीचे दुसरे टोक तिच्यातूनच सापडते.

प्रश्न : बॉम्ब शोधक व नाशक पथक, शीघ्र कृती दल ही पथके सिंहस्थाखेरीज एरवी काय करतात? (एक विद्यार्थी, पंचवटी)

उत्तर : त्यांचे बहुतेक काम आपल्याला दिसत नाही. बॉम्ब शोधक पथक गणेशोत्सव, मोठ्या सभा, मान्यवरांचे दौरे यांच्या आधी जागेची घातपातविरोधी तपासणी करते, धातुशोधक आणि प्रशिक्षित श्वान घेऊन व्यासपीठाखालची जागासुद्धा पाहते. बेवारस बॅगेची वर्दी आली की तेच जाते, आणि दर वेळी बॅगेत जुने कपडे निघाले तरी पुढच्या वेळी तितक्याच गांभीर्याने जाते. आपण बॅगेला हात लावू नये, ती हलवू नये, लोकांना दूर करून ११२ वर कळवावे. शीघ्र कृती दल २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर राज्यातील पोलीस दलांत उभे राहिले. सशस्त्र हल्ला किंवा ओलीस प्रसंगासाठी त्याचा रोजचा सराव चालतो.

सिंहस्थात मात्र सर्वांत मोठा धोका गर्दीचा असतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. त्यानंतर २०१५ च्या पर्वणीत येण्याचे आणि परतण्याचे मार्ग वेगळे ठेवणे, वाहने शहराबाहेर थांबवणे यांवर भर दिला गेला. २०२७ च्या पर्वण्यांतही आखून दिलेल्या मार्गाने जाण्यास सांगितले जाईल. आपण पंचवटीतच राहता, तेव्हा जवळची गल्ली आपल्याला ठाऊक असेल, पण पर्वणीच्या दिवशी तिने उलट दिशेने शिरू नका.

प्रश्न : ठाण्यात तक्रार घेतलीच नाही तर? (अनेक वाचक)

उत्तर : नकार मिळाल्यास तीच तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयातील वरिष्ठ अधिकाऱ्यांना पाठवा, असे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चे पोटकलम ४ सांगते. तेवढ्यानेही काम झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे. ‘चौकशी सुरू आहे’ असे उत्तर मिळाले तर ती कोणत्या तारखेला सुरू झाली हे विचारून लिहून घ्या. गुन्हा दाखल झाल्यावर तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे कलम १९३ प्रमाणे बंधनकारक आहे. ती कळली नाही तर गुन्हा क्रमांक घालून लेखी विचारणा करा आणि आपल्या प्रतीवर पोहोच म्हणून ठाण्याचा शिक्का घ्या.